माघार घ्यायची, पण कुठल्या नियमानं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सुरुवात एका खेळापासून आहे, पण शेवट धुऱ्यावर होणार आहे. म्हणून जरा धीर धरून वाचा.

आपल्याकडं 'माघार' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. ग्रामपंचायतीला एखाद्यानं अर्ज मागं घेतला की पहिला प्रश्न, "किती घेतले?" चार माणसांत एखादा "जाऊ द्या" म्हणाला की पारावरून आवाज येतो, "दम नव्हता." व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोघं भांडायलेत आणि एकानं गप्प बसायचं ठरवलं, तर पाचव्या मिनिटाला दुसऱ्याचा स्टेटस लागतो. म्हणून कुणी मागं सरत नाही. काही जण याला स्वाभिमान म्हणतात, काही जण मराठवाड्याचा ताठा म्हणतात.

मला मागच्या दिवाळीपासून वेगळं वाटायलंय. माणूस मागं सरत नाही याचं कारण दरवेळी त्याच्या स्वभावात नसतं. मागं सरणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते ते बघून तो ठरवतो. आणि ती किंमत ठरते नियमानं.

हे माझ्या डोक्यात आलं ते एका खेळामुळं. पुण्याला शिकणारा पुतण्या दिवाळीला गावी आला, तो सोबत फाश्यांची पिशवी घेऊन आला. चार बाजूंचा फासा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, वीस बाजूंचा. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली काढलेला. सोंगट्या असल्या तर ठीक, नसल्या तरी चालतं. एक जण गोष्ट सांगणारा, बाकीचे गोष्टीतले गडी. कुणी शिपाई, कुणी मांत्रिक, कुणी चोर. "मी दार ढकलतो" असं तुम्ही म्हणायचं, मग फासा टाकायचा, आणि दार उघडलं की नाही ते सांगणारा सांगणार. प्रत्येक गड्याला जिवाचे आकडे असतात. मार लागला की ते कमी होतात, शून्यावर आले की गडी कोसळला. आपल्या सोंगी भारुडाला हिशोबाची वही जोडली तर जे होईल, साधारण ते.

पुतण्यानं जागा बाहेरची घेतली नाही. आपल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव घेतली. गोष्टीत असं, की गोल गोल उतरत पाण्यापर्यंत गेलं की कोनाड्यामागं एक दार आहे आणि आत गॉब्लिन म्हणून बुटक्या, लबाड राक्षसांची टोळी राहते. त्यांनी गावच्या देवीचे दागिने नेलेत, ते आणायचे. आम्ही चौघं होतो. मी शिपाई, भाची चोर, तिचा भाऊ मांत्रिक आणि शेजारचं पोरगं आणखी एक शिपाई.

आत गेलो आणि सात गॉब्लिन निघाले. दोन फेऱ्यांत दिसायला लागलं की हे जमणार नाही. शेजारच्या पोराच्या गड्याभोवती तिघं, जिवाचे आकडे उरले सहा. मी म्हणालो, "मागं ये, पायऱ्यांवर ये." पोरानं पुतण्याला नियम विचारला. पुतण्यानं सांगितला.

तो नियम असा. शत्रूच्या हाताच्या टप्प्यात उभे असाल आणि तिथून निघालात, तर त्या शत्रूला तुमच्यावर एक फुकटचा वार मिळतो. त्याची पाळी नसली तरी. तिघांच्या टप्प्यातून निघालात तर तीन फुकटचे वार. निम्म्या वेळा वार लागतो असं धरलं, तर तिन्ही चुकायची शक्यता आठात एक. हे टाळायचं असेल तर 'डिसएंगेज' म्हणून सोय आहे. त्या पाळीत तुम्ही स्वतः वार करायचा नाही, फक्त सांभाळून बाहेर पडायचं, मग फुकटचा वार बसत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही एका पाळीत तीस फूट जाणार आणि गॉब्लिनही तीस फूट चालतो. तो त्याच्या पाळीत पुन्हा तुमच्यापाशी येणार आणि मारणार. तुमचा वार गेला, त्याचा राहिला.

पोरानं बोटावर हिशोब केला आणि म्हणालं, "मेलो तरी इथंच मरतो की. पळून कायला मरू?"

तो मेला. त्याला सोडून कसं जायचं म्हणून मी थांबलो, मी मेलो. मांत्रिक मेला. एकटी भाची वाचली, कारण चोराच्या गड्याला त्या खेळात खास सवलत आहे. दुसऱ्या पातळीवर गेला की त्याला स्वतःचा वारही करता येतो आणि फुकटचा वार न खाता निसटताही येतं. गॉब्लिनलाही तीच सवलत. म्हणजे ज्याचा धंदाच निसटायचा, त्याला निसटणं जवळजवळ फुकट. आणि जो बाकीच्यांसाठी पुढं उभा राहतो, त्याला मागं येणं सगळ्यात महाग. वाचताना तुम्हाला गावातलं काही आठवलं असेल तर तो माझा दोष नाही.

जेवताना सगळे त्या पोराच्या गड्याचं कौतुक करत होते, कसा शूर, हटला नाही. पोरगं हसत होतं. त्यानं शौर्य दाखवलं नव्हतं, साधी बेरीज केली होती. थांबलं तर मरायची शक्यता मोठी, निघालं तर त्याहून मोठी. असा नियम असेल तर भित्रा माणूससुद्धा शेवटपर्यंत लढतो. आणि बाहेरून बघणाऱ्याला ते शौर्य दिसतं.

दुसऱ्या रात्री पुतण्या म्हणाला, "काका, जुना नियम लावून बघू." या खेळाच्या आजवर बऱ्याच आवृत्त्या झाल्यात. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी नव्यानं लिहिलेल्या पुस्तकात माघारीला वेगळी जागा आहे. त्यात मागं यायचे दोन प्रकार. पहिला, तोंड शत्रूकडं ठेवून, निम्म्या चालीनं, लढत लढत मागं सरणं. यात फुकटचा मार नाही. दुसरा, पाठ फिरवून पळणं. पळालात तर हातातली ढाल हिशोबात धरत नाहीत आणि शत्रूला वार लागणं दोन अंकांनी सोपं होतं. म्हणजे शिस्तीत मागं आलात तर स्वस्त, घाबरून पळालात तर महाग. मला हा फरक फार शहाणपणाचा वाटला.

त्या पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे शत्रूलाही भीती वाटते. प्रत्येक जातीच्या शत्रूला धीराचा एक आकडा दिलाय, दोनपासून बारापर्यंत. टोळीतला पहिला मेला की, आणि निम्मे पडले की, सांगणारा सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. बेरीज धीराच्या आकड्यापेक्षा जास्त आली की ती टोळी हटते. गॉब्लिनचा आकडा सात. म्हणजे छत्तीसपैकी पंधरा वेळा ते पहिल्या झटक्यालाच मागं फिरणार. सांगाड्यांचा आकडा बारा, ते कधीच हटत नाहीत, कारण ते आधीच मेलेले आहेत.

दुसरी गोष्ट पाठलागाची. तुम्ही पळताना खायचं सामान टाकलंत तर भुकेलं जनावर तिथं थांबायची शक्यता. दागिने, नाणी टाकलीत तर अक्कल असलेला शत्रू ती वेचायला थांबायची शक्यता. काहीतरी सोडायचं आणि जीव घेऊन जायचं.

त्या रात्री तीच बारव, तेच सात गॉब्लिन. पहिला पडला तेव्हा ते हटले नाहीत. दुसऱ्यांदा फासे टाकायची वेळ येईपर्यंत आम्हीच जेरीला आलो. मग आम्ही पायरी पायरीनं मागं सरलो. बारवेची पायरी अरुंद, एका वेळी दोघंच समोर येऊ शकत होते. मी शेवटी राहिलो. वर येताना भाचीनं देवीचा एक पैंजण खाली टाकला आणि ते त्याच्यामागं गेले. आम्ही चौघंही जिवंत बाहेर आलो. दागिने अर्धेच मिळाले. पण तिसऱ्या रात्री चौघं पुन्हा खाली उतरलो, या वेळी दोरी, तेल आणि जाळं घेऊन, आणि बाकीचे दागिने आणले. पहिल्या रात्री मेलेल्यांना तिसरी रात्र नव्हती.

पुतण्यानं अजून एक नियम सांगितला, तो मी वहीत लिहून ठेवलाय. २०१३ साली आलेला 'थर्टीन्थ एज' नावाचा असाच खेळ आहे. रॉब हाइन्सू आणि जोनाथन ट्वीट या दोघांचा. त्यात कुठल्याही गड्याच्या पाळीला कुणीही म्हणू शकतं, "चला, निघू." सगळे हो म्हणाले की सगळे सुटतात, पडलेल्यांनाही उचलून नेतात, फासा टाकायचा नाही, कुणाचा फुकटचा वार नाही. मात्र मोहिमेचं एक नुकसान मान्य करायचं. ज्यासाठी आला होतात त्यातलं काहीतरी हातचं गेलं, हे धरून पुढं जायचं. गंमत अशी, की यातले ट्वीट हे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या मुख्य लेखकांपैकी एक. फुकटच्या वाराचा नियम खेळाच्या मध्यभागी आला तो त्याच आवृत्तीत. म्हणजे ज्यांच्या हातून मागं सरणं महाग झालं, त्यांच्यातल्याच एकानं पुढं तेरा वर्षांनी त्याला स्वच्छ दार काढून दिलं.

आता कुणी म्हणेल, हे परदेशी फासे घेऊन काय बसलात. ठीक आहे, आपला खेळ घेऊ. कबड्डी.

ज्यांनी शाळेच्या मैदानावर हुतुतू खेळलंय त्यांना समजावून सांगायची गरज नाही. कबड्डी म्हणजे माघारीचाच खेळ आहे. एकटा गडी दम घेऊन सातजणांत जातो. निदान रेषा ओलांडावी लागते, नुसतं मध्यरेषेवर नाचून परत आलात तर बाद. तीस सेकंद मिळतात. हात लावला, लाथ मारली, सगळं बरोबर, पण गुण कधी? परत आलात तर. समोरच्या चौघांना शिवलं आणि तिथंच पकडला गेलात, तर गुण त्यांना.

आणि पकडीचा नियम बघा. चौघांनी तुम्हाला धरलंय, तुम्ही जमिनीवर घासत घासत मध्यरेषेकडं सरकताय, आणि बोटाचं टोक रेषेला लागलं. तर ज्यांनी ज्यांनी धरलं होतं ते सगळे बाद. म्हणजे परत जाणाऱ्याला अडवायला जो येतो, त्यालाही धोका आहे. फुकटचा वार हा प्रकारच नाही. अडवायचं असेल तर स्वतःचं काहीतरी पणाला लावून अडवा. या एका नियमामुळं आपल्या मातीतला गडी परतीची लाज बाळगत नाही. परत येणाऱ्याला टाळ्या पडतात. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी ज्या खेळासाठी आयुष्य घातलं, ज्यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो, त्या खेळाचा हा गाभा आहे. आपण मात्र मैदानातून बाहेर पडताना तो मैदानातच ठेवून येतो.

उलटी बाजूही कबड्डीतच आहे. सारखं जायचं आणि हात न लावता परत यायचं, असं केलं तर खेळ मरेल. म्हणून प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. गुण आणा नाहीतर बाद व्हा. माघार स्वस्त असावी, पण तिला मोजमापही असावं.

इतिहासातही हेच दिसतं. १४ जानेवारी १७६१, पानिपत. विश्वासराव पडले, भाऊसाहेब अंबारीतून उतरून घोड्यावर गेले, अंबारी रिकामी दिसली आणि फौजेचा धीर सुटला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. फाशाच्या भाषेत सांगायचं तर धीराचा आकडा ओलांडला. पुढं जे झालं ती शिस्तीतली माघार नव्हती, पाठ फिरवून पळणं होतं, आणि त्यात लढाईपेक्षाही जास्त कापाकापी झाली. त्यातच महादजी शिंदे निघाले होते. एका पठाण स्वारानं दूरवर पाठलाग करून त्यांच्या पायावर घाव घातला. तो पाय जन्माचा अधू झाला. राणेखान नावाच्या भिस्त्यानं त्यांना उचलून सुरक्षित जागी नेलं. पानिपतातून निघाले म्हणून महादजींना कुणी भित्रा म्हटल्याचं तुम्ही ऐकलंय का? दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा दिल्लीत गेल्या आणि पुढच्या वर्षी बादशहा शाह आलम त्यांच्या आधारानं दिल्लीत परतला, तेव्हा त्या कामात हेच लंगडे महादजी पुढं होते. आणि राणेखानाला ते आयुष्यभर भाऊ मानत आले.

त्याच्या आधी शंभर वर्षं, जून १६६५, पुरंदरचा तह. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ ठेवले. वर सांगितलेल्या खेळातला नियमच समजा, नुकसान मान्य करायचं आणि माणसं वाचवायची. १६७० साली सिंहगडापासून परत घ्यायला सुरुवात झाली. ज्यांच्या नावानं आपण 'माघार नाही' असं गाडीच्या काचेवर लिहितो, त्यांना माघार कधी, कशी आणि किती घ्यायची हे फार चांगलं कळत होतं.

आता धुऱ्यावर येतो.

आपल्या शिवारात दोन चुलत भाऊ आहेत. नावं सांगणार नाही, ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, आणि कमेंटमध्ये तुम्हीही लिहू नका. वाटणी वडिलांच्या काळात तोंडी झाली. कागदावर एक तुकडा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची, आणि दुसरा तुकडा उलटा. वीस वर्षं दोघंही आपापल्या ताब्यातलं कसत आले. मग एकाला पीककर्जाला सातबारा लागला, तिथून ठिणगी पडली. धुऱ्यावरचं एक लिंबाचं झाड तोडलं, त्यावरून हाणामारी. मग फौजदारी, मग दिवाणी. तारखेला दोघं एकाच बसनं जातात, एक पुढच्या दारानं चढतो, एक मागच्या. तारीख पडते, दोघं त्याच बसनं परत येतात. यंदा सोयाबीन काढायच्या दिवसांत दोघांच्याही तारखा होत्या.

मी दोघांशी वेगवेगळा बोललो. दोघंही थकलेत. दोघंही मला एकच वाक्य म्हणाले, "माझं काही नाही, त्यानं आधी म्हणावं."

हे ऐकलं तेव्हा मला ते शेजारचं पोरगं आठवलं. आधी म्हणणाऱ्यावर किती फुकटचे वार आहेत ते मोजून बघा. पहिला वार, मी ढिला पडलो असं दिसलं की समोरचा पेरणीला अजून एक तास आत घेणार. दुसरा, भावकी. "एवढे दिवस आम्हाला साक्षीला फिरवलं आणि आता पाय धरले?" तिसरा, वकिलाला, प्रवासाला, झेरॉक्सला आजवर घातलेला पैसा, तो वाया गेला हे बायकोला सांगायचं. चौथा, समजा दोघांनी ठरवलं की ताब्याप्रमाणं कागद करू, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क बाजारभावानं. पाचवा, तरण्या पोरांचे स्टेटस. या पाचांच्या टप्प्यातून जो निघेल त्याला पाचही वार बसणार. थांबला तर फक्त पुढची तारीख. मग तो थांबतोच. आपण म्हणतो, किती हट्टी माणसं.

यातला चौथा वार कमी करायची सोय सरकारनं केलेली आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळांना ती माहीतच नाही. तिचं नाव 'सलोखा योजना'. २०२३ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं ती आणली. एकाच्या नावची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याच्या नावची पहिल्याच्या ताब्यात, असं किमान बारा वर्षं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क, आणि नोंदणी फीही नाममात्र. पंचनामा होतो, दोघांची संमती लागते, मग नोंदणी. सगळ्याच धुऱ्याच्या भांडणांना ती लागू नाही, आणि ती मुदतीची योजना आहे, म्हणून आधी तलाठ्याकडं सध्याची स्थिती विचारून घ्या. पण वर सांगितलं तसं प्रकरण असेल तर ती अंगाला मापात बसते.

दुसरं दार लोकन्यायालय. १९८७ च्या कायद्यानं झालेलं. तिथं तडजोड झाली की तिला न्यायालयाच्या हुकुमाइतकी किंमत, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. म्हणजे तिसऱ्या वाराचाही थोडा भाग हलका होतो. आणि तडजोडीच्या कागदात हरला कोण हे लिहिलेलं नसतं.

पण पहिला, दुसरा आणि पाचवा वार सरकार अडवू शकत नाही. ते वार आपण करतो. पारावर बसलेले आपण. २००७ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली, तेव्हा गावोगावी समित्या झाल्या, बक्षिसं लागली, कमानी रंगवल्या. बक्षीस गावाला मिळायचं. पण ज्या माणसानं पहिलं पाऊल मागं घेतलं, त्याच्या वाट्याला पारावरचं हसूच आलं असेल, तर पुढच्या वेळी तो कशाला येईल?

एक आक्षेप मला आधीच दिसतोय, आणि तो खरा आहे. माघार घ्यायला आपण नेहमी कुणाला सांगतो? विधवा बाईला. दोन एकरवाल्याला. ज्याच्यामागं भावकी नाही त्याला. "तू समजूतदार आहेस, तू सोड." समोरच्या दांडग्याला कुणी समजूतदार म्हणत नाही. अशी माघार ही माघार नाही, ती लूट आहे, फक्त चहा पाजून केलेली. म्हणून कबड्डीचं दुसरं सूत्र धरा. चढाई दोन्ही संघांना आलटून पालटून करावी लागते. परत जायचं दोघांनी, आणि परत जायची रेषा आधी आखलेली हवी. आपल्या बाबतीत ती रेषा म्हणजे मोजणी. सरकारी मोजणीची खूण ही मध्यरेषा. कुणाचा आवाज मोठा, कुणाचा ट्रॅक्टर मोठा, यावर रेषा ठरायची नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी तीन साध्या गोष्टी मांडणार आहे. तुमचं मत आधीच कळावं म्हणून इथं लिहितो.

एक. ज्या दिवशी एखाद्या वादातला कुणीही एक जण समितीकडं येऊन "मला मिटवायचं आहे" म्हणेल, त्या दिवसापासून मोजणी होईपर्यंत धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तासं कुणी नांगरायची नाहीत. दोघांनीही. पडीक राहिली तर राहू द्या. आधी बोलणाऱ्याचं रान आत ढकललं जाणार नाही, एवढी हमी त्याला मिळाली पाहिजे.

दोन. "मला मिटवायचं आहे" हे कोण आधी म्हणालं ते समितीनं कुणालाच सांगायचं नाही. समितीनं दोघांना एकाच वेळी बोलवायचं, जणू स्वतःहूनच बोलावलंय. त्या दोन चुलत भावांना एवढं एकच पाहिजे आहे. त्यासाठी सात वर्षं कोर्टात घालवायची गरज नव्हती.

तीन. मिटवताना मधे उभं राहायला एक माणूस. आमच्या खेळात बारवेच्या पायरीवर शेवटी एक जण थांबला म्हणून बाकीचे वर आले. बाजीप्रभूंनी खिंड धरली ती पुढं जाण्यासाठी नाही, महाराजांना विशाळगडावर पोचता यावं म्हणून. गावातल्या वादात असा माणूस दोन्ही भावकीबाहेरचा असावा, आणि पारावरचे, मोबाइलवरचे वार त्यानं अंगावर घ्यावेत. "मी सांगितलं म्हणून त्यानं सही केली, काय बोलायचं ते मला बोला," एवढं त्यानं म्हणायचं. असे चार-पाच जण वालुरात नक्की आहेत. कोण, ते तुम्हाला माहीत आहे.

चौथी गोष्ट ग्रामसभेच्या ठरावात बसत नाही, म्हणून तरण्या पोरांना इथंच हात जोडून सांगतो. समोरचा मागं सरला की स्टेटस टाकू नका. तुम्ही टाकलेला प्रत्येक स्टेटस दुसऱ्या कुठल्यातरी धुऱ्यावर उभा असलेला तिसराच माणूस वाचत असतो. तो आज सकाळपर्यंत मिटवायच्या विचारात होता. तुमचा स्टेटस बघून तो ठरवतो की नको, मेलो तरी इथंच मरतो.

ज्यांना वाटतं की धुऱ्याचा नियम बदलला तर दांडगे माजतील, त्यांनी कमेंटमध्ये कसं ते लिहावं, मी उत्तर देईन. ज्यांनी सलोखा योजनेत दस्त केलाय त्यांनी किती दिवस लागले, कुठले कागद लागले ते लिहावं, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल. नावं आणि गट नंबर मात्र लिहू नका. आणि ज्यांच्या घरात अशी तारीख चालू आहे, त्यांनी कमेंट केली नाही तरी चालेल. सरळ फोन करा. कुणी आधी केला ते मी सांगणार नाही.